गुलाबी बोंडअळी: सापळ्यात पतंग येताहेत, बोंडं वरून चांगली दिसतात, फवारणी आत्ता की नंतर?

तापीकाठ (शिरपूर)

राम राम मंडळी. ठिबकवरची बागायती कपाशी आहे, बीजी-२ वाण (अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारी बीटी कपाशी), लागवड मेच्या शेवटच्या आठवड्यातली. आता ऑगस्ट लागलाय. पाते (कोवळ्या कळ्या) आणि फुलं भरपूर आहेत, खालच्या फांद्यांवर बोंडं धरलीत. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने पतंग ओढणारे) आहेत. दोन रात्री प्रत्येक सापळ्यात नऊ-दहा पतंग आले, तिसऱ्या रात्री पाऊस झाला तर दोनच. काही फुलं मिटलेली, गुलाबीसर आणि पिळलेली दिसतात. बोंडांवर मात्र एकही छिद्र नाही.

दुकानातून दोन औषधं एकत्र करून आजच मारायचा सल्ला मिळालाय. मारण्याआधी समजून घ्यायचंय: हा पतंग नेमका जगतो कसा, अंडी कुठे घालतो, अळी कधी सापडते, आणि शेत चार-पाच महिने रिकामं असताना दरवर्षी येतो कुठून?

काळीमाती (पारोळा)

दादा, आधी छिद्राचं सांगतो. गुलाबीच्या बाबतीत छिद्र नाही म्हणजे बोंड निरोगी, असं धरता येत नाही. अमेरिकन बोंडअळी मोठं भोक पाडते, अर्धी आत अर्धी बाहेर राहून खाते, तिची विष्ठा बाहेर लोंबते. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की एक-दोन तासांत बोंडात शिरते. त्या वेळी ती जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि शिरताना पाडलेलं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. नंतर बाहेरून जे गोल, स्वच्छ, दीड-दोन मिलिमीटरचं भोक दिसतं ते बाहेर पडायचं भोक. ते दिसलं तेव्हा त्या अळीचं खाऊन झालेलं असतं.

आता पतंग. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत १२ ते २० मिलिमीटर, रंग करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट पट्टे. मागचे पंख रुपेरी करडे आणि त्यांच्या कडेला लांब केसांची किनार. दिवसा तो पाल्याखाली, ढेकळांच्या भेगांत बसून राहतो, म्हणून शेतात फिरताना सहसा दिसत नाही. सगळा कारभार रात्रीचा, मीलन तर बहुतेक मध्यरात्रीनंतर. कोषातून निघाल्यावर दोन-तीन दिवसांत मादी अंडी घालायला लागते. साधारण दोन आठवड्यांच्या आयुष्यात शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त अंडी घालते, एकेक किंवा चार-पाचच्या पुंजक्यात.

अंडं चपटं, लांबट, अर्ध्या मिलिमीटरचं. आधी मोतिया पांढरं, उबायच्या आधी नारिंगी. तीन ते पाच दिवसांत उबतं. जागा हंगामाप्रमाणे बदलते. सुरुवातीला बोंडं नसतात तेव्हा पात्यांवर आणि शेंड्याजवळच्या कोवळ्या भागावर. बोंडं धरली की बोंडाच्या बुडाशी जी हिरवी कातरलेली पानं असतात, त्यांच्या आतल्या बाजूला. ही जागा लक्षात ठेवा, कारण वरून मारलेला फवारा तिथे पोचतच नाही.

अळी चार अवस्थांतून जाते. पहिल्या दोन अवस्थांत पांढरी, डोकं तेवढं गडद. तिसऱ्या अवस्थेपासून गुलाबी पट्टे दिसायला लागतात. म्हणजे बोंड फोडल्यावर पांढरी बारीक अळी दिसली आणि ‘ही गुलाबी नाही’ म्हणून सोडून दिली, तर ती चूक महागात पडते. पूर्ण वाढलेली अळी १० ते १२ मिलिमीटर. हे सगळं १० ते १४ दिवसांत होतं. मग ती बोंडाला भोक पाडून खाली पडते आणि मातीच्या वरच्या थरात किंवा पाल्यात लालसर तपकिरी कोष करते, काही बोंडातच कोष करतात. आठ-दहा दिवसांनी पतंग. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक पिढी साधारण महिन्यात पुरी होते, आणि पीक उभं असेपर्यंत पिढीवर पिढी येते. ऑगस्टमध्ये पाच टक्के दिसणारं नुकसान ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताबाहेर जातं ते यामुळे.

पातं दहा दिवसांपेक्षा लहान असताना अळी शिरली तर पातं गळतं, बरेचदा अळीही त्यासोबत मरते. पातं मोठं असेल तर ती आतच वाढते आणि फूल उमलतच नाही. तीच डोमकळी. पण तुम्ही गुलाबीसर पिळलेली फुलं लिहिलीत म्हणून सांगतो: कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं-पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी लालसर होऊन आपोआप पिळून मिटतं. ते निरोगी फूल. डोमकळी ताज्याच रंगाची असते, पाकळ्या मुळात उघडलेल्याच नसतात, टोकाशी बारीक रेशमी धाग्यांनी बांधलेल्या असतात. उकलली की आत परागकोष कुरतडलेले, विष्ठेचे दाणे आणि अळी. म्हणून मोजणी सकाळी करा. संध्याकाळपर्यंत चांगली फुलंही मिटायला लागतात आणि आकडा फुगतो.

सापळे_चोपडा

सापळ्याबद्दल थोडं. यात फक्त नर येतात. आतलं आमिष म्हणजे मादीचा गंध, त्याला गॉसिप्ल्यूर म्हणतात. १९७३ मध्ये त्यातले दोन घटक ओळखले गेले, ते साधारण निम्मे-निम्मे असतात. त्यामुळे सापळा भरला म्हणजे शेतातली पैदास थांबली असं नाही. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. एकरी दोन सापळे हे फक्त अंदाज घेण्यासाठी. मोठ्या प्रमाणात पतंग पकडायचे असतील तर एकरी आठ लागतात, तेही आजूबाजूच्या शेतांत लावलेले असतील तर उपयोग.

धोक्याची पातळी: एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री. भाऊंचे दोन दिवस नऊ-दहा आणि तिसऱ्या दिवशी दोन, यात तिसरा दिवस धरू नका. पाऊस किंवा जोराचा वारा असेल त्या रात्री पतंग उडत नाही आणि गंधही टिकत नाही. उघडीप झाल्यावर पुन्हा तीन रात्री मोजा. रोज सकाळी पिशवी रिकामी करायची, नाहीतर कालचे आणि आजचे एकत्र होतात.

आकडे चुकतात ते बहुतेक या कारणांनी. आमिष बदललेलं नसतं: साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावं लागतं, पाकिटावरची मुदत बघा. न उघडलेली पाकिटं फ्रीजमध्ये, उघडलेलं पाकीट लगेच वापरायचं. औषधाचे किंवा तंबाखूचे हात आमिषाला लागतात. पीक कमरेपर्यंत येतं आणि सापळा गुडघ्याएवढ्या उंचीवर पानांत दडलेला राहतो; तो नेहमी शेंड्यांच्या फूट-दीड फूट वर हवा, पीक वाढेल तसा काठीवर सरकवा. पिशवीची खालची गाठ सुटलेली असते. आणि मुंग्या: काठीवरून चढून मेलेले पतंग घेऊन जातात, सकाळी पिशवीत नुसते पंख उरतात. काठीला खालून वीतभर ग्रीस लावा. पंख उरले असतील तर तेही मोजा.

बांधावर विजेचा दिवा किंवा प्रकाश सापळा असेल तर त्यात पडलेले सगळे करडे किडे गुलाबीचे समजू नका. कामगंध सापळ्यात आलेला पतंग आधी नीट ओळखून घ्या, मग इतरांशी ताडून बघा.

तापीकाठ (शिरपूर)

काळीमाती नाना, सांगितल्याप्रमाणे सकाळी फुलं तपासली. बहुतेक दुसऱ्या दिवसाचीच निघाली. खऱ्या डोमकळ्या शंभरात चार-पाच. बोंडं किती आणि कशी फोडायची? आणि बीजी-२ असताना हे कसं?

काळीमाती (पारोळा)

शंभरात दहा ही पातळी, तुम्ही निम्म्यावर आहात. आत्ता करायचं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे डोमकळ्या हाताने तोडणं. सकाळी, बादलीत साबणाचं पाणी घेऊन, तोडली की त्यात टाकायची. तोडून सरीत किंवा बांधावर टाकली तर अळी तिथेच कोषात जाते आणि मजुरी वाया जाते. पंधरा दिवस हे नीट केलं तर पुढची पिढी खूप कमी होते. एकरभराला दोन बायांचं सकाळचं काम आहे.

बोंडं: एकरी वीस, आठवड्यातून एकदा. शेतातून नागमोडी चालायचं, बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडायच्या, एका झाडाचं एकच बोंड. १५ ते २० दिवसांची हिरवी बोंडं घ्या, बोटांनी दाबल्यावर किंचित दबतील अशी. अळीला तीच आवडतात. जुनं, टणक बोंड तिला अवघड जातं. फोडल्यावर नुसती सरकी बघू नका, सालीची आतली बाजू बघा. अळी शिरली त्या जागी बारीक फोड किंवा पुटकुळी आलेली असते, कधी सालीत नागमोडी रेघ. कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर ती एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलीय. वीसमध्ये दोन बोंडांत जिवंत अळी म्हणजे दहा टक्के, तिथे फवारणी. अळी गेलेली, नुसती जागा रिकामी असेल ते बोंड वेगळं लिहून ठेवा. त्यातल्या अळीवर औषध चालणार नाही, पण आठ-दहा दिवसांनी सापळ्यात पतंग वाढणार हे त्यातून कळतं.

पर्णकण (धुळे)

बीजी-२ चं उत्तर मी देतो. पहिलं बीटी २००२ मध्ये आलं, एका जनुकाचं. दोन जनुकांचं बीजी-२ हे २००६ मध्ये. अमेरिकन आणि ठिपक्यांच्या बोंडअळीवर ते अजूनही काम करतं. गुलाबी अळी मात्र आधी एका प्रथिनाला सरावली, मग दुसऱ्यालाही. गुजरातमध्ये आधी दिसलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने कपाशीचं मोठं नुकसान केलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

ही अळीच का सरावली, याची कारणं तिच्या सवयींतच आहेत. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका सगळ्यांवर जगते, म्हणजे बीटी न खाल्लेले पतंगही दरवर्षी तयार होतात आणि सरावलेल्यांत मिसळतात. गुलाबी अळी व्यवहारात कपाशीवरच जगते. भेंडी-अंबाडीवर आढळते, पण थोडीच. म्हणून बिगर-बीटी कपाशीच्या आश्रयाच्या ओळी लावायला सांगत होते. १२० ग्रॅमची वेगळी पिशवी मिळायची आणि ती बहुतेक ठिकाणी बांधावर फेकली गेली. आता ४५० ग्रॅम बीटी बियाण्यात २५ ग्रॅम बिगर-बीटी मिसळूनच पिशवी येते.

दुसरं, आपले सगळे वाण संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली गेली तर सोळा सरक्यांत सरासरी नऊंमध्ये दोन्ही, सहांमध्ये एकेकच आणि एकीत काहीच नाही. अळी एका बोंडात सरकीमागून सरकी खाते. तिला कुठे पूर्ण मात्रा, कुठे अर्धी, कुठे शून्य मिळते. सराव व्हायला याहून सोयीची जागा नाही. आणि तिसरं, फरदड. १८० दिवसांचं पीक पाणी देऊन मार्चपर्यंत ओढलं की झाडातलं विषाचं प्रमाण घटलेलं असतं आणि अळीला आणखी दोन-तीन पिढ्या मिळतात.

फवारा_अमळनेर

आता फवारणी. काळीमाती नानांनी क्रम सांगितला त्यावरून बघा: अंडं तीन-पाच दिवस उघड्यावर, अळी एक-दोन तास उघड्यावर, मग दोन आठवडे बोंडात बंद. औषध लागायचं ते अंड्याला, नुकत्या निघालेल्या अळीला, नाहीतर पतंगाला. मोठी गुलाबी अळी दिसली म्हणून मारलेला फवारा त्या अळीसाठी उशिराचाच. म्हणून सापळ्यातला आकडा चढला की दोन-तीन दिवसांत निर्णय घ्यायचा.

तुमचा डोमकळ्यांचा आकडा पातळीच्या खाली आहे, म्हणून आत्ता निंबोळी अर्क पाच टक्के. पाच किलो निंबोळीची पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून कापडातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा एक लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर मारायचं. ठेवलेला अर्क आणि कडक ऊन, दोन्हींत त्याचा जोर जातो. मादी अशा झाडावर अंडी घालायला कचरते. त्यासोबत बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीची ट्रायकोकार्डं, एकरी ६० हजार अंड्यांच्या हिशोबाने, आठवड्याच्या अंतराने. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा, संध्याकाळी. अर्क आधी, कार्ड तीन-चार दिवसांनी. कार्ड लावून वरून रासायनिक औषध मारलं तर कार्डाचे पैसे गेले.

पातळी ओलांडली तर अंड्यांवरही चालेल असं औषध आधी घ्या: प्रोफेनोफॉस ५० ईसी किंवा थायोडिकार्ब ७५ डब्ल्यूपी. नंतरच्या फवारणीला इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, दहा लिटरला चार-पाच ग्रॅम. हे पोटात जाऊन काम करतं, म्हणून अळीने आत शिरताना पहिला घास औषधाच्या थरातून घेतला पाहिजे. बोंडाच्या बुडाशी ओलं झालं नाही तर काहीच होत नाही. पाठीवरच्या पंपाने एकरी २०० लिटर पाणी लागतं. सहा-सात पंपांत एकर उरकलं तर वरची पानंच भिजतात.

दुकानातलं मिश्रण घेऊ नका. दोन औषधं एका पंपात टाकून मात्रा निम्मी-निम्मी झाली तर एकही धड लागत नाही, आणि पूर्ण-पूर्ण टाकली तर फवारणाऱ्याच्या जिवाला धोका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी झाल्यावर फवारा थेट तोंडावर येतो. वाऱ्याच्या उलट दिशेने चालायचं नाही, मास्क-चष्मा-हातमोजे घालायचे, दुपारी उकाड्यात काम बंद. सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेट असली औषधं ऑगस्ट-सप्टेंबरात नकोतच. त्यांनी मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. अगदीच लागलं तर नोव्हेंबरात, एकदाच.

पर्णकण (धुळे)

पहिल्या पोस्टमधला शेवटचा प्रश्न राहिला: शेत रिकामं असताना हा येतो कुठून.

दिवस लहान व्हायला लागले, रात्री गार झाल्या की शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या कोषात जातच नाहीत. पूर्ण वाढलेली अळी सरकीच्या आत, बरेचदा दोन सरक्या धाग्याने जोडून, त्यांच्यामध्ये गोल घट्ट आवरण करून झोपून राहते. महिनोन् महिने, काही नोंदींत दोन वर्षांच्या वर. मग उष्णता, वाढलेला दिवस आणि पावसाची ओल मिळाली की कोष आणि पतंग. आपल्याकडे हे जून-जुलैत. त्या अळ्या कुठे असतात? झाडावर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत, शेतात पडलेल्या कवडी (किडक्या, नीट न फुटलेल्या) कापसात, जिनिंगच्या सरकीत आणि कचऱ्यात, आणि भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेल्या कापसात.

जूनमध्ये निघालेल्या पतंगाला पातं मिळालं नाही तर तो पुढची पिढी न वाढवताच मरतो. कोरडवाहू कपाशीला पाती येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, तोवर बहुतेक पतंग संपलेले असतात. पण चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा पट्ट्यात ठिबकवर मे महिन्यात लावलेल्या कपाशीला जूनअखेरच पाती लागतात. पहिली पिढी तिथे वाढते आणि मग गावभर पसरते. तुमच्याकडे डोमकळ्या आत्ता दिसताहेत त्याचं कारण हेच, दादा. बागायती कपाशी सोडा असं नाही. लागवड जूनमध्ये सरकवा, आणि नोव्हेंबरअखेर वेचणी संपवून हरभरा किंवा गहू घ्या. फरदड घेऊन मिळतो तो कवडी कापूस, त्याला भाव कमी आणि पुढच्या हंगामाची अळी फुकट.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये कपाशीचा सगळा भाग गुलाबी अळीमुक्त जाहीर केला. तिथे बीटीसोबत गंध, प्रयोगशाळेतले वंध्य पतंग आणि सक्तीने पऱ्हाट्या (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं) गाडणं, हे सगळं एकत्र, सगळ्या शेतांवर एकाच वेळी झालं. एका शेताने एकट्याने केलं तर शेजारच्या बांधावरून मीलन झालेली मादी उडून येतेच. म्हणून मीलनात अडथळा आणणारे गंधाचे दोरे वगैरे घ्यायचे असतील तर शिवारातल्या दहा-वीस जणांनी मिळून घ्या, एकट्या एकरावर पैसे घालू नका.

तापीकाठ (शिरपूर)

समजलं. अर्क उद्या, तीन-चार दिवसांनी कार्डं, आणि उघडीप झाली की तीन रात्री मोजणी. एकच राहिलं: वेचणीनंतर पऱ्हाट्या चुलीसाठी बांधावर रचून ठेवतो. त्या जाळाव्याच लागतील का?

काळीमाती (पारोळा)

काडीत अळी राहत नाही, बोंडात राहते. शेवटच्या वेचणीनंतर ठेलाऱ्यांच्या मेंढ्या आठ-दहा दिवस बसवा, हिरवी पाती, कोवळी बोंडं आणि पाला त्या साफ करतात. त्याआधी पंधरा-वीस दिवस फवारणी झालेली नसावी. मग उपटा. सरपणासाठी हव्या तेवढ्याच काड्या ठेवा, त्यांवरची सुकलेली, न फुटलेली सगळी बोंडं ओरबाडून वेगळी काढा आणि ती तेवढी जाळा. काड्या शेतापासून दूर, उन्हात उभ्या रचा. आडवा ढीग आतून गार राहतो. मे संपेपर्यंत चुलीत जायला हव्यात. बाकीच्या पऱ्हाट्यांवर श्रेडर किंवा रोटाव्हेटर फिरवून जमिनीत गाडा, आणि एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळं उन्हात तापू द्या.

घरात कापूस भरलेला असेल तर तोही मेअखेर विकून टाका. तोवर त्या खोलीत एक कामगंध सापळा टांगून ठेवा, त्यात किती येतात ते इथे कळवा.